आई-बाबांना शिकागोचं विज्ञान संग्रहालय दाखवायचंय? असं जा

मे महिना उजाडला की नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्ग या भागांतल्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा यायला लागतात. पहिल्या दोन शनिवार-रविवारांत डाउनटाउन, मिशिगन तळ्याचा काठ आणि उंच इमारती पाहून होतात. मग प्रश्न येतो, आता कुठे? माझं उत्तर कित्येक वर्षं एकच आहे: जॅक्सन पार्कमधलं म्युझियम ऑफ सायन्स अँड इंडस्ट्री. २०२४ पासून त्याच्या नावाआधी 'ग्रिफिन' लागलं आहे, पण बोलताना लोक अजून 'एमएसआय'च म्हणतात.

पहिल्यांदा सासू-सासऱ्यांना घेऊन गेले तेव्हा मी सगळं दाखवायच्या मागे लागले होते. दुपारपर्यंत आईंचे पाय भरून आले, मुलगा रडकुंडीला आला आणि पाणबुडीच्या आत जायची त्या दिवशीची तिकिटं संपलेली. चूक माझीच होती. या इमारतीचा पसारा जवळपास १४ एकरांचा आहे, तो एका दिवसात संपत नाही. चार-पाच गोष्टी ठरवा आणि प्रत्येकीला पुरेसा वेळ द्या. माझा सगळा सल्ला या एका वाक्याभोवती फिरतो.

आदल्या रात्री: इमारतीची गोष्ट सांगून ठेवा

ही गोष्ट माहीत असली की दारात उभं राहिल्यावर नजर वेगळी होते, म्हणून ती गाडीत किंवा आदल्या रात्री जेवताना सांगा.

कोलंबस अमेरिकेत पोहोचल्याला चारशे वर्षं झाली म्हणून १८९३ साली शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. त्यासाठी उभारलेल्या पांढऱ्याशुभ्र महालांच्या नगरीला 'व्हाइट सिटी' म्हणत. ते महाल बहुतेक देखाव्याचेच होते. आत सांगाडा, वरून प्लॅस्टरमध्ये तागासारखे धागे कालवून केलेला लेप. आपल्याकडे गणेशोत्सवात मंडळं राजवाडे उभारतात ना, तसंच, फक्त कितीतरी पटींनी मोठं. अपवाद होता कलादालनाचा. देशोदेशीची मौल्यवान चित्रं तिथे लागणार होती आणि आगीच्या भीतीपोटी त्या इमारतीच्या भिंती पक्क्या विटांच्या केल्या गेल्या. वास्तुरचनाकार होता चार्ल्स अ‍ॅटवुड. ती काळजी कामी आली. पुढच्याच वर्षी लागलेल्या आगींत व्हाइट सिटीचा मोठा भाग जळाला, हे दालन मात्र उरलं.

१९२० पर्यंत तिथे फील्ड म्युझियम, म्हणजे निसर्गविज्ञानाचं संग्रहालय होतं. ते हलल्यावर इमारत रिकामी पडली, बाहेरचा गिलावा ढासळू लागला. तिला वाचवणाऱ्यांपैकी एक म्हणजे सिअर्स रोबक कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड. १९११ साली ते आपल्या आठ वर्षांच्या मुलाला, विल्यमला, घेऊन म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये गेले होते. तिथे दांडे फिरवायचे, बटणं दाबायची, यंत्र चालू होताना बघायचं. पोरगं तिथून हलेना. असं काहीतरी आपल्या गावात हवं, हे त्यांच्या मनानं घेतलं. १९२६ साली त्यांनी ३० लाख डॉलर देऊ केले. जुन्या गिलाव्याच्या जागी बाहेरून चुनखडीचा दगड चढवला गेला आणि १९३३ साली संग्रहालयाची दारं उघडली. रोझेनवाल्ड ते पाहायला नव्हते, १९३२ च्या जानेवारीत ते गेले.

घरातली वडीलधारी मंडळी इथे हमखास विचारतात: "म्हणजे विवेकानंद इथेच बोलले का?" नाही. साल तेच आणि निमित्तही त्याच प्रदर्शनाचं, पण ११ सप्टेंबर १८९३ चं ते भाषण डाउनटाउनला मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर, आज जिथे आर्ट इन्स्टिट्यूट आहे त्या इमारतीत झालं. दोन्ही जागा एकाच दिवशी उरकायचा मोह टाळा. तिथे वेगळं जा, तो अनुभव वेगळा आहे.

तिकीट

तारीख टाकून ऑनलाइनच घ्या. प्रवेशाच्या तिकिटात बहुतेक दालनं येतात, पण पाणबुडीच्या आतली फेरी, कोळशाची खाण, घुमटाकार पडद्यावरचा चित्रपट अशा काही गोष्टींना वेगळं, वेळ छापलेलं तिकीट लागतं. ती वेळेची तिकिटं प्रवेशाबरोबरच घेऊन टाका, दिवसाचा सांगाडा त्यांच्यावरच उभा राहतो. खाणीची सकाळची पहिली किंवा दुसरी वेळ आणि पाणबुडीची त्यानंतर दीड तासाची, असं मी ठरवते. संग्रहालय साधारण दुपारी चारला बंद होतं हे विसरू नका. आपल्या सवयीनं जेवून-बिवून अकराला निघालात तर हाती काही लागत नाही.

इलिनॉयच्या रहिवाशांना वर्षातून काही दिवस मोफत प्रवेश असतो, त्यासाठी राज्यातला पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. पाहुण्यांना ती सवलत मिळेल असं धरू नका. शिवाय त्या दिवशी गर्दी इतकी असते की म्हाताऱ्या माणसांना नेण्यापेक्षा पैसे भरून मंगळवार-बुधवारी नेलेलं बरं.

पोहोचायचं कसं

गाडीनं जात असाल तर लेक शोअर ड्राइव्हनं दक्षिणेकडे या. डाव्या हाताला तळं सोबत करतं आणि ५७व्या रस्त्यापाशी उजवीकडे इमारत दिसते. जमिनीखाली वाहनतळ आहे, पैसे पडतात. आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर तो खर्च करा. गाडी नसेल तर मिलेनियम स्टेशनवरून मेट्रा इलेक्ट्रिक लाइननं '५५-५६-५७वा रस्ता' या स्टेशनवर उतरा, तिथून पायी थोडंच अंतर आहे. ६ नंबरची बसही डाउनटाउनहून या भागात येते. नेपरव्हिलहून रेल्वेनं येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तुमची गाडी युनियन स्टेशनला थांबते आणि मेट्रा इलेक्ट्रिक सुटते मिलेनियमहून. मधलं अंतर चालायचं किंवा बस पकडायची.

दारातून घाईनं आत शिरू नका. उत्तरेच्या हिरवळीवर दोन मिनिटं उभे राहा. छताचा भार डोक्यावर घेतलेल्या दगडी स्त्रिया बघा. त्या अथेन्सच्या एरेक्थिऑन मंदिरातल्या मूर्तींवरून बेतल्या आहेत. मग काचेच्या प्रवेशद्वारातून जमिनीखालच्या दालनात उतरायचं. तिथेच १९३४ ची रुपेरी 'पायोनियर झेफर' रेल्वेगाडी उभी आहे. त्या वर्षी २६ मे रोजी ही गाडी डेन्व्हरहून पहाटे निघाली आणि १३ तास ५ मिनिटांत, वाटेत न थांबता, शिकागोला पोहोचली. हजाराहून जास्त मैल! तिथून जिना चढून घुमटाखाली आलात की तुम्ही खऱ्या जुन्या इमारतीत आलात. वर नजर टाका. घुमटाभोवती कोरलंय की विज्ञान निसर्गाचे नियम ओळखतं आणि उद्योग ते माणसाच्या गरजांसाठी वापरतो.

चाकाची खुर्ची लागणार असेल तर ती इथेच मागा. आमच्या आई आधी "मला काय झालंय" म्हणाल्या, पण त्या दिवशी त्यांनी आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त पाहिलं.

सकाळी आधी खाण

संग्रहालय उघडलं त्या १९३३ सालापासून चालू असलेलं हे दालन. इलिनॉयच्या एका खाणीतली खरी यंत्रं आणून इथे बसवली आहेत. खाणीच्या लिफ्टच्या पिंजऱ्यात उभं राहून खाली जायचं, अंधार होतो, मग छोट्या गाडीत बसून पुढे. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास धरा. पिंजरा खाली जात असताना मुलांना एक कामगिरी द्या: आपण खरंच किती खाली आलो, हे बाहेर आल्यावर ओळखून सांगायचं. कान काय सांगतात, पोट काय सांगतं आणि भिंत काय सांगते, यावर आमच्याकडे घरी पोहोचेपर्यंत वाद चालतो.

माझे सासरे वणीजवळच्या कोळसा खाणीत ओव्हरमन, म्हणजे खाली कामावर देखरेख करणारे होते. नोकरीबद्दल घरात कधी फारसं बोलले नाहीत. इथल्या मार्गदर्शकानं सेफ्टी लॅम्प हातात घेतला आणि अण्णा हळूच पुढे सरकले. हवेत मिथेन असेल तर या दिव्याच्या ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते, प्राणवायू कमी पडला तर ज्योत मंदावते. म्हणजे एकाच दिव्यात उजेडही आणि धोक्याची सूचनाही. अण्णांनी नातवाला ते मराठीत समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "हा दिवा मी रोज हातात धरलाय रे." माझ्या मुलानं त्या दिवशी पहिल्यांदा आजोबांना त्यांच्या कामाबद्दल विचारलं.

म्हणून सांगते, पाहुणे कुठल्या कामातून आलेत ते बघून दालन निवडा. रेल्वेतून निवृत्त झालेले असतील तर ९९९ क्रमांकाचं वाफेचं इंजिन आणि लहानग्या आगगाड्यांचा सिअ‍ॅटल ते शिकागो असा मांडलेला मोठा पट. शेतकरी असतील तर शेतीच्या यंत्रांचं दालन. मग ते बघत नाहीत, ते दाखवतात.

पाणबुडी

यू-५०५ ही जर्मन पाणबुडी ४ जून १९४४ रोजी अमेरिकी नौदलानं आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याबाहेर पकडली. बुडवली नाही, जिवंत पकडली. आतून सांकेतिक पुस्तकं आणि गुप्त संदेश तयार करायची एनिग्मा यंत्रं हाती लागली. ही बातमी फुटली असती तर जर्मनांनी संकेत बदलले असते, म्हणून सगळं गुप्त ठेवलं गेलं. कैद केलेल्या खलाशांना वेगळं ठेवलं होतं आणि त्यांच्या घरी ते मेलेच असं समजत होते. ही २५२ फूट लांबीची पाणबुडी १९५४ साली तळ्यातून ओढत आणली आणि लेक शोअर ड्राइव्ह ओलांडून संग्रहालयाशेजारी ठेवली. पन्नास वर्षं ती उघड्यावर होती, मग जमिनीखाली तिच्यासाठी खास दालन बांधलं.

आतली फेरी अरुंद आहे. कंबर वाकवावी लागते, दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत. गुडघ्यांचा त्रास असेल किंवा बंद जागेची भीती वाटत असेल तर आत जाऊ नका, काही बिघडत नाही. बाहेरून ती पूर्ण दिसते आणि ते दालन साध्या तिकिटात येतं. संकेत उलगडायचे, पाणबुडी खोलवर नेऊन स्थिर ठेवायची, असे हातानं करायचे खेळ बाहेरच आहेत. या खेळांपाशी थांबा. पाणबुडीचं नाक किंचित खाली, मग वर, आणि मध्ये कुठेच थांबत नाही, असा अनुभव आल्यावर आतल्या माणसांची कल्पना येते.

जेवण

आत खाण्याची सोय आहे, शाकाहारी माणसाला पिझ्झा-सॅलडच्या पलीकडे फार अपेक्षा नको. बाबा-आईंना वेळेवर पोटात काही लागतं, म्हणून मी दशम्या, चटणी आणि दहीभात गाडीत ठेवते आणि हवा चांगली असेल तर बाहेर हिरवळीवर बसतो. डेव्हन अ‍ॅव्हेन्यूची देशी हॉटेलं शहराच्या दुसऱ्या टोकाला आहेत, दुपारच्या जेवणासाठी तिथे जायचा विचार करू नका.

दुपारी 'सायन्स स्टॉर्म्स': इथे घड्याळ बघू नका

मला स्वतःला विचाराल तर सगळ्यात मोठा ठेवा हा आहे. दुमजली दालनाच्या मध्यभागी ४० फूट उंचीचं, धुक्याचं चक्रीवादळ उभं राहतं. वरच्या मजल्यावर झडपा आणि पंख्याचा वेग बदलायची सोय आहे. तुम्ही हवा वळवली की खांबासारखं सरळ वादळ वाकडं होतं, विरून जातं, पुन्हा जमतं. छताला टेस्ला कॉइल, म्हणजे फार मोठ्या दाबाची वीज तयार करणारं वेटोळं आहे. ठरावीक वेळी तिच्यातून कडाडत ठिणग्या उडतात, लहान बाळ सोबत असेल तर कानावर हात ठेवायची तयारी ठेवा.

पण नवखी माणसं ज्याच्यासमोरून सरळ निघून जातात ती गोष्ट सांगते. २० फूट व्यासाची एक कललेली तबकडी आहे, तिच्यात वाळूसारखे कण. ती फिरवली की कणांचा उतार चढत जातो आणि एका क्षणी सगळा उतार घसरतो. हिमकडा कोसळतो तो असाच. वेग कमी-जास्त करून बघा. आमच्या आई म्हणाल्या, "ही तर खळ्यावरची ज्वारीची रास." अगदी बरोबर. रास कितीही मोठी करा, धान्य ओतत राहिलं तरी उताराचा कोन एका मर्यादेपलीकडे चढत नाही, वरचे दाणे घरंगळतात. कोरड्या वाळूचा कोन वेगळा, तांदळाचा वेगळा. घरी आल्यावर परातीत ज्वारी, रवा आणि साबुदाणा ओतून मुलांनी तिन्ही कोन मोजले होते.

इथे माझा एकच नियम आहे: पाटी आधी वाचायची नाही. आधी हात लावायचा, बटण दाबायचं, चाक फिरवायचं. मग "आता वेग वाढवला तर काय होईल?" असा अंदाज मोठ्यानं बोलून दाखवायचा. अंदाज चुकला की पाटी वाचायची. उलट क्रमानं गेलं तर मुलं वाचतात, मान डोलावतात आणि पुढे पळतात. आणि मोठ्यांनो, मुलाच्या हातातलं चाक काढून घेऊन "असं कर" म्हणून दाखवू नका. मी ते केलं आहे. त्याचा चेहरा लगेच पडला.

शांतपणे बघायच्या गोष्टी

पाय थकले की या. उबवणीच्या पेटीत अंडी फुटून पिल्लं बाहेर येताना इथे रोज दिसतात. अंडं घातल्यापासून नाही, उबवायला ठेवल्यापासून २१ दिवस, हे खेड्यात खुडूक कोंबडी बसवलेल्या प्रत्येक आजीला पाठ असतं. पिल्लाच्या चोचीवर कवच फोडण्यापुरता एक बारीक टोकदार उंचवटा असतो, तो नीट बघा. कवचाला पहिला तडा गेल्यापासून पिल्लू बाहेर यायला कित्येक तास लागतात. ओलं, थकलेलं पिल्लू बाहेर पडून निपचित पडतं तेव्हा मुलं घाबरतात. त्यांना सांगा, ते विश्रांती घेतंय.

'व्हिस्परिंग गॅलरी'त दोन माणसं दोन टोकांना उभी राहतात. एकानं कुजबुजलं तरी दुसऱ्याला स्पष्ट ऐकू येतं, मधल्यांना काहीच नाही. या खोलीचा आकार लंबवर्तुळाचा आहे. लंबवर्तुळाच्या आत दोन ठरावीक बिंदू असतात, त्यांना नाभी म्हणतात, आणि ती दोन माणसं तिथेच उभी असतात. एका नाभीतून निघालेला आवाज भिंतीवर कुठेही आपटला तरी दुसऱ्या नाभीतच पोहोचतो. विजापूरचा गोल घुमट शाळेच्या सहलीत पाहिलेल्यांना तो आठवतोच, पण तिथली भिंत गोल आहे आणि आवाज भिंतीला धरून फिरत येतो. परिणाम सारखा वाटला तरी रीत निराळी. इथे दोन पावलं बाजूला सरका, आवाज लगेच हरवतो. ते करून बघितल्याशिवाय निघू नका.

जिन्यापाशी फुकोचा लंबक आहे. तो झुलतो एकाच पातळीत, खालची जमीन फिरते, म्हणून त्याची दिशा बदलत गेल्यासारखी दिसते. शिकागोच्या अक्षांशावर ती तासाला साधारण १० अंश सरकते. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात असाच लंबक आहे, तिथे तासाला पाच अंशांहूनही कमी, कारण पुणं विषुववृत्ताला जवळ. सकाळी आल्या आल्या त्याची दिशा फोनमध्ये टिपून ठेवा आणि दुपारी निघताना पुन्हा बघा. पाच तासांत जवळपास ५० अंश. पृथ्वी फिरते हे आपण सगळे शिकलोय, पण ती फिरताना बघितलेले थोडेच.

अपोलो ८ चं खरं यानही इथे आहे. १९६८ च्या डिसेंबरात बोरमन, लव्हेल आणि अँडर्स त्यात बसून चंद्राला प्रदक्षिणा घालून आले. ते हाताच्या अंतरावरून दिसतं आणि त्याचं भाजलेलं कवच पाहून बाबा माणसं गप्प होतात.

मुकपटांच्या काळातली अभिनेत्री कॉलीन मूर हिनं बनवून घेतलेला परीमहाल बारीक कामाची आवड असणाऱ्यांनी चुकवू नये, बाकीच्यांनी पुढे गेलं तरी चालेल.

दोन सूचना

मानवी शरीराच्या दालनात खरे गर्भ आणि शरीराचे खरे उभे-आडवे काप जतन करून ठेवले आहेत. शिकण्यासारखं खूप आहे, पण गरोदर असाल, नुकतंच बाळ गमावलं असेल किंवा मूल हळवं असेल तर आधी कल्पना देऊन मगच जा. त्याच दालनातलं १३ फुटी हृदय मात्र सगळ्यांसाठी आहे. तुमच्या नाडीच्या ठेक्यावर ते धडधडतं. अण्णांनी औषधाची गोळी घेतल्यावर पुन्हा येऊन बघितलं होतं.

सोबत दहा वर्षांखालची मुलं असतील तर 'आयडिया फॅक्टरी' आहे, पाणी, चेंडू, कप्प्या. तिथे तास-दीड तास जातोच आणि कपडे भिजतात. बदलायला एक जोड ठेवा, आणि हे दालन शेवटी घ्या. आधी घेतलंत तर मुलं तिथून हलणार नाहीत.

हिवाळ्यात येणार असाल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत घुमटाखाली आणि भोवती निरनिराळ्या देशांच्या लोकांनी सजवलेले नाताळवृक्ष असतात. १९४२ साली एका झाडापासून ही प्रथा सुरू झाली. सोबत इतर समाजांच्या प्रकाशाच्या सणांचीही मांडणी असते, त्यात आपली दिवाळीही. तळ्यावरचा वारा त्या दिवसांत हाडं गोठवतो, आईंना साडीखाली थर्मल घालायला लावा.

निघताना लगेच गाडीकडे वळू नका. इमारतीला वळसा घालून दक्षिणेच्या बाजूला जा. मागे बागेतलं एक छोटं तळं आहे आणि संध्याकाळच्या उन्हात १८९३ ची ती सगळी बाजू, खांब आणि घुमट, पाण्यात उतरलेली दिसते. एप्रिलच्या शेवटी आलात तर काठावर चेरीचा बहर असतो. थोडं चालायची ताकद उरली असेल तर पुढच्या बेटावरची जपानी बाग गाठा, बाकीच्यांना बाकावर बसवा. दशम्या उरल्या असतील तर त्या इथे खायच्या.